न तपासलेली गाठ

अक्का, सगळं घर तुला अक्का म्हणायचं म्हणून तुझ्या पोटच्या पोरीनंही तेच म्हटलं. आता आई म्हणायला जीभ वळत नाही. परवा मल्लेश्वरमच्या दवाखान्यात माझ्या गाठीचा निकाल मिळाला. डाव्या स्तनात, दगडासारखी घट्ट. सोनोग्राफी करणारी मुलगी बोलता बोलता उठून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली. सुईनं तुकडा काढून नेला आणि निकाल येईपर्यंत मला आरशात मावशीच दिसायची, कॅन्सरनं खंगलेली, केस गेलेली, शेवटच्या महिन्यांतली.

ती उगादी आठवते. चामराजपेटच्या स्वयंपाकघरात तू ओट्यापाशी उभी राहून पुरणाची होळिगे तुपात बुडवून खाते आहेस, एक संपली की दुसरी. मी ओरडते, "अक्का, शुगर!" तू म्हणतेस, "स्वल्प गप्प बस गं. तुझं लग्न ठरू दे, मग माझं पथ्य बघ." महिनाही उलटला नाही आणि तू गेलीस. शुगर वाढून बेशुद्ध झालीस ती उठलीच नाहीस. फ्रीजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या न उघडलेल्या सापडल्या.

शेवटची आंघोळ काकूनं आणि मी घातली. हळद लावताना माझा हात तुझ्या छातीतल्या घट्ट गाठीवर थांबला. काकूनंही चाचपून पाहिलं आणि पटकन पदर वर ओढला. "मावशीचंच दुखणं हे. कुणापाशी बोलू नको, मुलाकडचे मागे फिरतील. सरी, ठीक आहे, पाणी घाल." मी पाणी घातलं. मावशीचे हाल तू पाहिले होतेस, म्हणून मुद्दाम इंजेक्शनं सोडलीस आणि माझं लग्नही सांभाळलंस, असं मी इतकी वर्षं धरून चालले. तुझा अभिमान वाटायचा मला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही हे. तुमच्यासारख्या बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या बायकांना अशी गाठ होऊ शकते. हाताला आणि फोटोत कॅन्सरसारखीच वाटते. काढायची गरज नाही, लक्ष ठेवू." मग मी तुझ्या गाठीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कसं सांगणार, अम्मा? तशीही असेल, नसेलही."

रिक्षात नवरा रिपोर्ट धरून आनंदानं रडला. मला रडू आलं नाही, तुझाच राग आला. एकदा दाखवायचं होतंस गं.

हा कागद घरात कुणाच्या हाती लागायला नको, लिहून झाला की फाडीन. त्याआधी एवढंच सांगते. निकाल ऐकल्यावर क्षणभर वाटलं, माझा कॅन्सर निघाला असता तर बरं होतं. मग तू उगाच गेलीस असं तरी झालं नसतं.