पहिल्या खुर्चीचा मान

वाशी, रथसप्तमीनंतरचा शनिवार, १९८३

तीर्थस्वरूप अक्कास,

बंडूचा साष्टांग नमस्कार. (पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘गं. भा.’ नाही, नुसतं नाव आहे, म्हणून दचकू नकोस. आमच्या मंडळाने ती दोन अक्षरं ठराव करून रद्द केली आहेत आणि चिटणीस मीच असल्यामुळे मला ठराव मोडता येत नाही.) तब्येत कशी आहे? औषध घेतेस की घेते म्हणून डॉक्टरांना नुसतं सांगतेस? कऱ्हाडला थंडी असेल. इथे थंडी नाही, खाडीवरचा वारा आहे आणि त्या वाऱ्याला नव्या मार्केटातल्या कांद्याचा वास आहे. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलं की आज काय केलंय ते कळत नाही.

तुझं पत्र पोचलं, कुंची आणि दुपटी पोचली, आणि पत्रातलं शेवटचं वाक्यही पोचलं. बारशाला तू येणार नाहीस, अशा प्रसंगी तू नसलेलीच बरी, आणि आत्या म्हणून ठाण्याच्या आपल्या चुलतबहिणीला, मालतीला, पाळण्याशी उभी करावी! भाऊजी गेल्यापासून प्रत्येक कार्याला तू हेच कळवतेस. त्यावर या पत्रात मी एक अक्षर लिहू नये, अक्कांना वाईट वाटेल, असं नंदिनीने बजावलं आहे. तेव्हा लिहीत नाही. मंडळाची हकीकत लिहितो.

आमचं मंडळ पुरोगामी आहे. म्हणजे असं, की मुंबईत एका खोलीत राहून ज्या सुधारणा जागेअभावी राहून गेल्या, त्या आम्हां सगळ्या नोकरदार जोडप्यांना इथे दोन खोल्यांत करायच्या आहेत. नळाला पाणी येवो न येवो, रविवारी गच्चीवर सभा होतेच. अध्यक्ष जयमालाबाई. त्या आमच्या डोक्यावर राहतात, शाळेत नागरिकशास्त्र शिकवतात आणि घरी आल्यावर आम्हांला शिकवतात. खजिनदार तळमजल्यावरचे रावसाहेब. कुठल्याही ठरावाला त्यांचा तत्त्वतः पाठिंबा असतो आणि प्रत्यक्षात हरकत असते. (माणूस सोन्यासारखा आहे. बाळी रडली की खालून विचारतात, ‘कोण रडतंय, बाळ की चिटणीस?’)

तर यंदा जयमालाबाईंनी ठराव आणला, की मंडळाच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींना नुसतं बोलवायचं नाही, तर पहिल्या खुर्चीचा मान द्यायचा. टाळ्या झाल्या. रावसाहेबांनी तत्त्वतः पाठिंबा दिला आणि मग ‘भगिनी’ म्हणावं की ‘महिला’, खुर्ची घडीची चालेल की हातांची लागेल, यावर दोन रविवार घेतले. दादरहून वक्त्या ठरल्या. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या. (पितळी हव्या होत्या, प्लास्टिकच्या मिळाल्या.) सगळं जय्यत झाल्यावर नंदिनीने बाळीला थोपटता थोपटता विचारलं, ‘पण बोलावणार कोणाला?’

अक्का, तुला सांगतो, गच्चीवर एकदम मार्केटातले ट्रक ऐकू यायला लागले. अख्ख्या सेक्टरात एक विधवा नाही! असणार कुठून? इथे सगळी तिशीची जोडपी. आया, सासवा, आज्या गिरगावात, साताऱ्यात, सावंतवाडीत. त्या मे महिन्यात येतात आणि पाण्याला नावं ठेवून परत जातात. तरी जयमालाबाई हटेनात. त्या आणि मी दारोदार निघालो. बेल वाजवून काय विचारायचं ते आधी नीट ठरवलं होतं, पण ऐन वेळी माझ्या तोंडून सरळच निघालं, ‘तुमच्याकडे कुणी विधवा आहे का?’ एका घरी बाईंनी आत पेपर वाचत पडलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अजून तरी नाही.’

शेवटी आठवल्या यशोदाबाई. खाडीकाठच्या गावातून टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगीत मासळी विकायला येतात. (ही बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. ही पायरी आमच्या बांधावर हाय, असं त्या बसता बसता सांगतात.) आम्ही इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्या अंगणात गेलो. जयमालाबाईंनी शुद्ध मराठीत मान, परंपरा, अन्याय असं सगळं समजावलं. यशोदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘माजा दादला जिता व्हता तवा कोनी बोलावला नाय, आन आता मेला त पयली खुर्ची?’ आणि इतक्या हसल्या की शेजारच्या अंगणातल्या बायका बघायला आल्या. ‘येन,’ म्हणाल्या, ‘पन एकटी नाय येनार.’

आल्या त्या अख्खी आळी घेऊन. सुना, नाती, विधवा, सधवा, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत अबोली. खुर्च्या पुरेनात म्हणून रावसाहेब घरोघरच्या खुर्च्या उचलून जिना चढत होते. वक्त्यांचं भाषण झालं. जयमालाबाई कुंकवाचा करंडा घेऊन पहिल्या खुर्चीकडे वळल्या, मी फोटोला सज्ज. तर खुर्ची रिकामी. यशोदाबाई कठड्याजवळ जाऊन रावसाहेबांच्या बाहीला धरून त्यांना ओढत होत्या.

‘या दादाच्या घरान बाईमानूस कदी दिसला नाय. दोनच बोंबील घेतो न सोता तलतो. याची बायको गेली ना? मंग पयला मान याचा.’

रावसाहेबांनी हरकत घेतली. ठरावात ‘महिला’ असा शब्द आहे म्हणाले. ‘बस गप,’ यशोदाबाई म्हणाल्या, आणि खजिनदार बसले. त्यांची बायको या फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच गेली, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सेक्टर पालथा घातला, पण तळमजल्याची बेल वाजवायची कुणाला सुचली नव्हती. यशोदाबाईंनी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, हातात गाळणी दिली. कुणी हसलं नाही. नंदिनी रडली आणि मीही रडलो, फोटो राहिला. मग यशोदाबाईंनी जयमालाबाईंपुढे कपाळ केलं आणि म्हणाल्या, ‘आता लाव मना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब बसस्टॉपवर उभे होते, कपाळावर पुसट लाल तसंच. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, ‘समारंभ होता आमच्याकडे.’

भाच्यांना आशीर्वाद. वरच्या आळीत सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
बंडू

ता. क. बाळी मजेत आहे. तुझी कुंची काढली की भोकाड पसरते.

ता. क. २. बारसं पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, संध्याकाळी. मालतीला मी कळवलेलंच नाही. (पत्रात लिहिणार नाही असं कबूल केलं होतं, ताजा कलम पत्रात धरत नाहीत, असा रावसाहेबांचा निर्वाळा आहे. आणि हे लिही म्हणून नंदिनीच मागे उभी आहे.)

ता. क. ३. बाळीच्या नावासाठी मंडळाने उपसमिती नेमली आहे. जयमालाबाईंना ‘समता’ हवं आहे. रावसाहेबांचा कुठल्याही नावाला तत्त्वतः पाठिंबा आहे. माझं घरात कुणी ऐकत नाही. पण आत्याने कानात सांगितलेल्या नावाला सूचक लागत नाही की अनुमोदक, म्हणून तुझ्या मनात असेल ते सांग, आम्ही हाक मारू. मात्र तू पाळण्यावर वाकलीस की पाठीत पहिला धपाटा आपला, असं यशोदाबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, आणि त्यांचा हात रोज सुरमई तोडणारा आहे. बाळीला सख्खी आत्या एकच आहे, अक्का. ये. पाठ घट्ट करून ये.