सार्थक बाटला नाही

सिन्नर

रंगनाथदादा,

माझ्या सार्थकचं लग्न चर्चमध्ये ठरवायला फार काही मोजावं लागलं नाही. वर्कशॉपची एक दुपार बुडाली आणि तुझा अबोला पदरात आला. त्यातला अबोलाच महाग पडला.

‘पोरगा बाटला तर लग्नात पाय ठेवणार नाही,’ असं तू म्हणालास. म्हणून मी नाशिकला फादरांशी चांगलाच भिडलो. ‘आमचा पोरगा धर्म सोडणार नाही आणि कशावर सहीही करणार नाही!’ ते म्हणाले, ‘बसा, चहा घ्या.’ एमआयडीसीत भल्याभल्यांना वाकवणारा मी, पोराचा धर्म राखूनच उठलो.

मग शेरॉननं, माझ्या होणाऱ्या सुनेनं, फादरांपुढं वचन दिलं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही, मुलांनाही त्यातच वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन. बोलताना पोरीचा आवाज कापला. सार्थक हळूच म्हणाला, ‘घाबरतेस काय? मी आहे ना.’ ते ऐकलं आणि माझं मन भरून आलं.

आता तू तेवढा ये. हे पत्र मात्र पोस्टात टाकत नाही, टाकलं तर वहिनी तुला अगदी शेवटपर्यंत वाचून दाखवेल. मीच येतो सायखेड्याला.

तुझा धाकटा,
दत्तू

ता. क. सार्थकनं धर्म बदलावा असं कुणी म्हणालंच नव्हतं. वचन आणि सही फक्त ख्रिस्ती बाजूची, म्हणजे शेरॉनचीच लागते.