न ओरडता घातलेलं यीस्ट

प्रिय ताई,

तुझं यीस्ट नासल्याचं मला बोटीच्या धक्क्यावर शेजारच्या स्यूरने सांगितलं. "अगं, सुन्निवाचं पिंप आंबट झालं, कड्यावरचं यीस्टही बुरसलं! हेर्दिसचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, आणि लेकीच्या लग्नाला घरची बिअर नाही!" मी तोंडदेखलं हळहळले. घरी येऊन दार लावलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. चांगला दोन दिवस पुरला.

लाकडी कड्यावर वाळवलेलं ते यीस्ट बाबांनी लग्नात तुला दिलं, मला चांदीचे चमचे. पिंपात यीस्ट घालताना ते जागं व्हावं म्हणून ओरडून घर दणाणून सोडायचा मानही तुझाच. मी तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, "तू गप गं, तुझ्या आवाजाने यीस्ट झोपेल." पन्नाशी उलटली तरी ते वाक्य मला झोंबतं. तुझ्याकडे नवं पिंप उघडलं की फिओर्डच्या दोन्ही काठांवरची माणसं जमतात, आणि मी मागे पेले विसळत असते.

म्हणून गेल्या नाताळात तुझ्या माळ्यावर जाऊन त्या कड्याचे यीस्ट चिकटलेले दोन तुकडे मोडले आणि रुमालात बांधून आणले. हो, चोरलेच.

आनंदाचे ते दोन दिवस सरल्यावर त्यांची बिअर करायला घेतली, पण येत काय होतं मला? शहरातून आणलेल्या पुस्तकात होतं, माल्टचा काढा गार होऊ द्या. बाबा कोमट दुधाइतका ऊन असतानाच यीस्ट घालायचे, हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, त्यांचं मी का ऐकू? आणि ओरडलेही नाही. शेजारी धावत आले असते, कुणाकडून आणलंस म्हणून. चोराने बोंब कशी ठोकायची? दुसऱ्या दिवशी पिंप तसंच गार. मी दर तासाला झाकण काढून बघत होते. बाबांचं यीस्ट आपण मारलं, या भीतीने रडूच फुटलं. शेवटी पिंप चुलीजवळ ओढलं, घोंगड्या आणि नवऱ्याचा कोट गुंडाळला, आणि घोंगडीत डोकं खुपसून घसा फाटेपर्यंत ओरडले. स्यूर कुंपणावरून म्हणाला, "टोरुन, काय झालं गं?" म्हटलं, उंदीर! संध्याकाळी फेसाने झाकण उचललं, फरशीभर ओघळ. मी झाकणाला हात न लावता तिथेच बसून ती फसफस ऐकत राहिले. चौथ्या दिवशी चाखली. ताई, हुबेहूब तुझी चव! माझं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं, याचाही राग आला.

हे पत्र क्षमा मागायला लिहीत नाही. स्यूरच्या हाती बरणी पाठवतेय, त्यात माझ्या पिंपाच्या तळाचं यीस्ट आहे, बाबांचंच. हेर्दिसच्या लग्नाची बिअर तू कर. लोक तुझंच नाव घेतील आणि मी जळेन, ते माझं मी बघेन. पण अर्धं यीस्ट मी ठेवून घेतलंय, ते मागू नकोस. तुझं पुन्हा नासलं, तर मात्र माझ्या दारी येऊन मागावं लागेल. मी देईन. जन्मात एकदा तरी तू माझ्याकडे काहीतरी मागायला यावंस, एवढंच मला हवंय.

तुझीच, चोर तर चोर,
टोरुन