शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांविषयी

ताई, तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला उतरला का, की अजून डॉक्टरांनाच सल्ले देत बसलेत? परगावची भाची पाठीचं काही बघते की नुसती कॉम्प्युटरपुढे वाकते? माझं म्हणशील तर कान, डोळे, डोकं शाबूत आहे. हे आधी लिहिलं, कारण मृत्युपत्रात डोकं ठिकाणावर असल्याचं सांगावंच लागतं.

तर मी, गाद्या शिवणारी, विधवा, मूलबाळ नसलेली, कोणी धाक न घालता आणि कोणी गोड न बोलता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

कलम पहिलं. बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. तिने ती आणखी शिकण्यावर घालवू नये. त्या घरात शिक्षण पुरेसं झालं आहे.

कलम दुसरं. शिलाई मशीन, दाभण आणि मोठी कात्री माझ्या हाताखालच्या बाईला. मशीन माझ्यासारखं नाही. त्याला कौतुक लागत नाही, नुसत्या तेलावर चालतं.

कलम तिसरं, हेवा. हा स्थावरात बसत नाही, जंगमातही नाही, पण जन्मभर जपलाय म्हणून नोंद करते. आईबापांजवळ एकीच्याच फीचे पैसे होते आणि थोरली तू. शाळेतून आलीस की मला शिकवायचीस, पण फुकट नाही. एका अक्षराला एक वेणी. तुझे केस विंचरून विंचरून मी वाचायला शिकले. त्याचा राग नाही. राग पुढचा आहे. तू टेकडीवरच्या शाळेची मुख्याध्यापिका झालीस. आमच्या गल्लीतली शाळा माझ्या भिंतीपलीकडची. चौथी झाली की इथली हुशार पोरं तुझ्याकडे. दूध आम्ही तापवायचं, साय तुम्ही काढायची. मग राज्याच्या यादीत तुझी शाळा वर, आमची तळाला. वरच्याला अनुदान, तळच्याला सूचना. तुमच्या प्रयोगशाळेत नळांची रांग. इथे एकच नळ, तोही त्याच्या मनात आलं तर.

मी बोलले तेव्हा तू म्हणालीस, "अगं, मी काय पोरांना ओढून आणते? आपल्या पायांनी येतात."

"टेकडीवर पाणी आपसूक चढत नाही ताई, पंप लागतो. पंप तुझ्याकडे आहे."

तू शिकवायचीस चांगलं, हेही लिहिते, पण एकदाच. तुझ्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन एक चांगली शिवलेली गादी उसवून पुन्हा शिवली.

कलम चौथं, घर. आमच्या शाळेत वर्ग सात, खोल्या पाच. दोन वर्ग व्हरांड्यात बसतात. शिक्षणखातं म्हणतं, पट कमी म्हणून खोल्या नाहीत. पट कमी का, तर खोल्या नाहीत म्हणून पालक पोरं काढून नेतात. आता पत्र आलंय की पुढचं वर्ष सुरू होईपर्यंत प्रत्येक वर्गाला खोली दाखवा, नाहीतर शाळा टेकडीवरच्या शाळेत विलीन. म्हणजे उरलेलं दूधही तुमच्याच पातेल्यात. ते मी होऊ देणार नाही. माझ्यामागे माझ्या दोन्ही खोल्या गल्लीतल्या शाळेला द्याव्यात, मधली भिंत फोडून दार काढावं आणि उद्घाटनाला तुला बोलावू नये.

इथवर लिहून साक्षीला बसलेल्या औषधदुकानदाराला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढला.

"मावशी, सगळं ठीक. पण मुदत पुढच्या वर्षाची ना? मग तुमचा जायचा बेत कधीचा?"

"इतक्यात नाही बाबा."

"मग शाळा आधी जाईल."

दुसऱ्या साक्षीदार, गल्लीतल्या डॉक्टरीणबाई, त्यांनी माझी नाडी धरली आणि त्याला म्हणाल्या, "यांच्या भरवशावर राहू नका. या अजून पुष्कळ चालतील."

म्हणून कलम चौथं रद्द. दोन्ही खोल्या मी जिवंतपणीच, रीतसर नोंदणी करून, शाळेला बक्षीस देते. वार्षिक परीक्षा संपून पोरं सुट्टीवर गेली की गवंडी येईल. उद्घाटनाची अट मात्र कायम.

कलम पाचवं, माझी सोय. हाताखालची बाई म्हणते, "माझ्याकडे चला." पण तिच्या घरात माणसं आडवी झाली की उभं राहायला जागा उरत नाही. राहिलीस तू. भाची परगावी गेल्यापासून तुझी मागची खोली रिकामी आहे. तुझ्याकडे काय रिकामं आणि काय भरलेलं, यावर माझी नजर आयुष्यभर आहे, म्हणून ठाऊक. भाडं घेणार नसशील तर येणार नाही. स्वयंपाकातलं निम्मं काम माझं. खिडकीतून तुझ्या शाळेचं मैदान दिसतं, त्याला पडदा मी शिवून आणीन. आणि शाळेचं कौतुक रोज ऐकवू नकोस; दिवसाआड सोसेन.

तू नाही म्हणालीस तरी खोल्या शाळेला जाणारच, यात कोणी समजुतीचा घोटाळा करू नये.

लिहून देणारी: गादीवाली (सही)

साक्षीदार: समोरचा औषधदुकानदार (सही), गल्लीतल्या डॉक्टरीणबाई (सही). गादीवाल्या बाईंनी आमच्यासमोर सही केली. शुद्धीत आहेत, हट्टीही आहेत.

ठिकाण: अजून तरी माझंच घर.
दिनांक: सहामाही परीक्षेनंतरचा पहिला सोमवार.

ताई, हो की नाही ते लवकर लिही. गवंड्याला दिवस सांगायचा आहे.