पोटात उजवीकडे

थोंगयंग, ३ एप्रिल १९९६

ती. ह्यांगमीताईस,
दासोलचा वाकून नमस्कार.

दिवस राहिल्याचं कळल्यापासून सासूबाई मला इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. फोन त्यांच्याच खोलीत, म्हणून पत्र. इंजेक्शनांचं, टेस्ट ट्यूबच्या उपचारांचं शेजारणींना ठाऊक नाही. त्यांच्या मते नवस फळला. तेवू कालवांच्या दोऱ्या ओढून दमून येतो आणि आधी माझ्या पोटाशी गप्पा मारतो. वेडाच आहे.

कालपासून पोटात उजवीकडे टोचतंय, थोडा रक्ताचा डागही दिसला. सासूबाई म्हणतात, गर्भ रुजताना होतं असं. तपासणी पुढच्या आठवड्यात आहेच. तू नेहमीसारखी घाबरू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी दासोल

डेजॉन, ५ एप्रिल

चि. दासोल हिला ताईचे आशीर्वाद.

पत्र वाचल्याबरोबर फोन केला. सासूबाई म्हणाल्या, झोपलीय, उठवत नाही. डागाचं बोलले, तर हसल्या. म्हणून हे तातडीच्या टपालानं.

गर्भ सोडला त्या दिवशी डॉक्टरीणबाई आपल्या दोघींना म्हणाल्या होत्या, गर्भ पिशवीत सोडला तरी कधीकधी शेजारच्या नळीत जाऊन रुजतो. नळी फुटली तर जिवावर बेततं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. एका बाजूला दुखलं, चक्कर आली, खांदा दुखला, तर तपासणीची वाट बघायची नाही. हे तेवूला दाखव. मी उद्या निघतेच. रागाव हवं तर, पण आजच दवाखान्यात जा.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

जिंजू, दवाखाना, १४ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

तू होतीस तेव्हा धड बोलता आलं नाही. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा खांदा दुखत होता. मानेखाली उशी नीट नसेल म्हणून गप्प होते. वाचून उठले आणि स्वयंपाकघरात कोसळले. सासूबाई म्हणाल्या, पडून राहू दे जरा. तेवूनं पत्र वाचलं, मला उचलून ट्रकमध्ये घातलं. पोटात रक्त साचलं होतं. ऑपरेशन करून उजवी नळी काढली. तो गर्भ वाचणारा नव्हताच, असं डॉक्टर म्हणाले.

काल सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, गोठवून ठेवलेले दोन गर्भ कधी सोडायचे. तेवू म्हणाला, "आई, आधी हिला घरी तर येऊ दे." त्या रडल्या. मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

झोप लागत नाही. सगळे विचारतात, दुखतंय का, जेवलीस का. पुन्हा हे सगळं करायचंय का, असं मला कुणी विचारलेलं नाही. तू विचार. माझ्याकडे उत्तर नाही, तरी विचार.

तुझीच,
दासोल