शांताबाईंची फाइल कुणी उघडावी

४ नोव्हें., सोम.
युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. संशोधनाच्या फायली कुठं ठेवता, कुणाला आणि कशा देता, महिनाअखेर कळवा. प्राचार्यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवलं. सोबतीला ग्रंथपाल कटारिया सर. म्हणजे काम होणार.
खरी परिस्थिती: थोड्या फायली लॅपटॉपवर, थोड्या फुकटच्या ईमेलात, बाकी व्हॉट्सॲपवर. एक पेनड्राइव्ह पर्समध्ये. दुसरा आज लवंगांच्या डबीत सापडला. का, आठवत नाही. क. सरांना सांगितलं, तर हसताना त्यांचा चष्मा खाली पडला.

६ नोव्हें., बुध.
निरगुडसर गावी. माझ्या 'बांधांच्या आठवणी' या संशोधनाची सातवी मुलाखत. शांताबाई, सत्तरीच्या पुढच्या, कांद्याच्या रोपाशी बसून तासभर बोलल्या. शेवटी जे सांगितलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. वाटण्या झाल्यावर त्यांच्या मालकांनी बांधाचा दगड जावेच्या, यमुनाबाईंच्या, शेतात दोन हात सरकवला. भर दुपारी. "समदं गाव यात्रेला गेलं व्हतं. पहार मीच धरली व्हती."
विचारलं, हे रेकॉर्डिंग ठेवू की पुसू? "ठिव. खरं कुटंतरी असावं. पर यमुनेला कळता कामा नये. रोज चारला माज्याकडं चहाला येती ती. दोघींचे बी मालक गेले, आता तेवढंच हाय मला."
हात हातात घेऊन वचन दिलं.

८ नोव्हें., शुक्र.
क. सरांबरोबर दोन तास. फायली ठेवायच्या चार सोयी तपासल्या. ते प्रत्येकीला तेच तीन प्रश्न विचारतात: कोण उघडणार, किती दिवस, आणि दिलेलं परत कसं घेणार? त्यांच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. गोदामाची किल्ली कुणाकडे गेली ते भिंतीवर खडूनं लिहायचे म्हणे.
पेनड्राइव्ह बाद (लवंगा!). 'लिंक असेल त्या कुणालाही' बाद. हे बाद करताना माझे कान लाल, कारण आजवर मी तेच करत आले. ठरलं ते युनि.चं स्वतःचं स्टोरेज: नावानिशी परवानगी, मुदत, काढूनही घेता येते. पासवर्ड एवढा लांब की टाइप करेपर्यंत चहा गार.

१२ नोव्हें., मंगळ.
पहिली परवानगी दिली. पौर्णिमा, एमए दुसरं वर्ष, अक्षर सुंदर, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढणार. तिच्याच ईमेलवर, फक्त फाइल क्र. ७, फक्त दहा दिवस. शांताबाईंचं नाव कुठंही नाही. सगळं अगदी नियमात. घरी येऊन स्वतःला शाबासकी म्हणून शिरा केला.

१५ नोव्हें., शुक्र.
शिरा अंगाशी आला.
पौर्णिमा सकाळीच दारात. "मॅडम, चुकलं. आजीनं ऐकलं."
पौर्णिमा यमुनाबाईंची नात! आडनाव तेच, पण त्या आडनावाचं अर्धं गाव. मी विचारलंच नव्हतं. आणि तिचा तो ईमेल घरातल्या फोनवर, पासवर्ड भरून कायम उघडा. घरात चांगला फोन एकच. दिवसभर भिंतीतल्या देवळीत असतो, वाजला की जो जवळ असेल तो घेतो. आजी त्यावर रोज कीर्तन ऐकते. काल पौर्णिमा कॉलेजात असताना स्क्रीनवर फाइलची आठवण करणारा मेल आला, नवीन कीर्तन समजून आजीनं बोट लावलं. पौर्णिमानं स्वतः अजून ऐकलंही नव्हतं.
"काय म्हणाली आजी?"
"पूर्ण ऐकलं आणि चहाला गेली."
परवानगी लगेच काढली. पण ऐकलेलं कसं काढून घेणार? क. सर म्हणाले, "मॅडम, आपण माणसाला किल्ली दिली. ती अख्ख्या घराला गेली." एवढे नियम वाचले, त्यात हे कुठंच नव्हतं.

१६ नोव्हें., शनि.
कबुली द्यायला निघाले. नारायणगाव, मंचर, मग निरगुडसर. एसटीत वाक्यं जुळवत होते.
शांताबाईंच्या दारापर्यंत पोचलेच नाही. वाटेत पौर्णिमाच्या घराच्या ओट्यावर यमुनाबाई. "ए पोरी, हिकडं बस. चालू कर तुजं मशीन."
तर झालं असं (फाइल क्र. ८!): त्या यात्रेला गेल्याच नव्हत्या. "पोट दुकत व्हतं. चिंचंखाली निजले व्हते. डोळं उगडलं तर ही पहार धरून उबी." म्हणजे त्या दिवसापासून सगळं ठाऊक.
"मग बोलला का नाही?"
"दोन हात जमिनीसाटी? माजा शेवगा गेला तिच्यात. शेंगा अजून मीच काढते. एकदा बी 'का' म्हणली न्हाई ती." मग हसायलाच लागल्या. "आन् चहात साकर बग की. सोताला एक चमचा, मला तीन. वर साय. चाळीस वरसं पिते मी! तिला सांगू नको मला ठावं हाय. साकर बंद करील, आन् तोंड लपवील ती. मग मी चारला कुटं जाऊ?"
हात हातात घेऊन वचन... तेही दिलं. मग शांताबाईंकडे न जाताच मंचरची गाडी पकडली. भित्री कुठली.

१९ नोव्हें., मंगळ.
युनि.ला अहवाल तयार. क. सरांनी एक कलम स्वतः घातलं: 'घरातील फोन एका व्यक्तीचा समजू नये. ध्वनिफिती ग्रंथालयातील संगणकावरच, हेडफोन लावून ऐकाव्यात.' फाइल ७ आणि ८ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, दोन्ही फक्त माझ्याकडे.
एक रकाना रिकामा आहे. 'परवानगी नसताना फाइल उघडली गेल्यास संबंधित व्यक्तीस कळवले का?' क. सर पेन पुढे करून थांबले. म्हटलं, उद्या.
शांताबाईंना कळायला हवं, तो त्यांचा हक्क. कळवलं तर पहिला प्रश्न येणार, कुणी ऐकलं? आणि तिथं दुसरं वचन बसलंय. लबाडी करवत नाही. आणि मधेच तीन चमचे आठवून हसूही येतं.

२० नोव्हें., बुध.
शांताबाईंचाच फोन. "पोरी, माजं ते बोलणं कुनी ऐकलं तर न्हाई ना?"
तोंडाशी 'नाही' आलं होतं. गिळलं. म्हटलं, "फोनवर नको, मावशी. उद्या येते, समोर बसून सांगते."
"ये की. चारला ये, चहा ठिवते. यमुना बी असती."