बंदुकीला वाचता येत नाही

अप्पा, तुम्ही मला एकच प्रश्न मरेपर्यंत विचारत राहिलात. "मोडनिंबच्या त्या पाव्हण्याला बंदूक भरून ठिवू नगा म्हणून मी सांगितलं हुतं का न्हाय गं?" दर वेळी मी हातातल्या कामातून मान वर न करता म्हणायचे, "सांगितलं असेल, मला काय ठाऊक." आज उत्तर लिहायला बसले आहे. वरातीमागून घोडं म्हणा, पण बसले आहे.

काल लेकीनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. परदेशात म्हणे अशी बंदूक निघाली आहे, की ती मालकाचं बोट ओळखते. दुसऱ्या कुणी चाप ओढला तर ढिम्म हलत नाही. त्यावरून तिथं वाद पेटलाय. एक बाजू म्हणते सगळ्यांना सक्ती करा, दुसरी म्हणते ऐन वेळी तिनं मालकालाच ओळखलं नाही तर? लेक म्हणाली, "काय डोकं चालतं बघ लोकांचं!" हे भांडण पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंगळवार पेठेतल्या दुकानात, तुमच्या लाकडी बाकावर बसून मी ऐकलेलं आहे.

गिरणीतलं काम सोडून तुम्ही बंदुकांच्या दुरुस्तीचं लायसन काढलंत, आणि मला कलेक्टर कचेरीत बंदुकीच्या लायसनांच्याच टेबलावर नोकरी लागली. मला त्या खुर्चीचा केवढा तोरा होता! एकदा जेवताना मी तुम्हाला ऐकवलं, की आम्ही माणसाची पुरी चौकशी केल्याशिवाय बंदूक देत नाही. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून हसलात. "लायसनवर नाव असतंय, खरं हाय. पर बंदुकीला कुटं वाचता येतंय? जो उचलंल त्याचीच ती." आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते पितळी कुलूप करायला घेतलंत. चापावर बसणारं, अंगठ्याएवढं, बारीक किल्लीचं. किल्ली मालकाच्या करगोट्याला, म्हणजे मालकाखेरीज बंदूक म्हणजे नुसती काठी.

किती बोलणी खाल्लीत त्या कुलपापायी. पीक राखायला बंदूक घेतलेले शेतकरी बाकावर बसून खो खो हसायचे. "मिस्त्री, डुक्कर भुईमुगात शिरल्यावर किल्ली घावंपर्यंत थांबतंय व्हय?" तुम्ही म्हणायचा, "डुकरासाठी घेतलेली बंदूक वर्सातनं चार रात्री चालती. बाकीचं वर्सभर ती तुमच्या लेकराबाळांत भिंतीवर असती, त्याचं काय?" लायसन देतानाच कुलपाची शिफारस करावी, असा अर्जही तुम्ही लिहिलात. तो मीच साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी कुलूप दोनदा उघडलं, दोनदा लावलं, म्हणाले, "वस्तू झकास आहे, पण नियमात नाही." तो अर्ज फायलीला लावताना मला रडू आलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

म्हणून मोडनिंबचा तो शेतकरी आपणहून कुलूप बसवायला आला तेव्हा आपल्या घरात सण झाला. एकनळी बंदूक, स्वच्छ ठेवलेली. घरात पोरंसोरं आहेत, म्हणून आजवर तो बंदूक खुंटीला रिकामी टांगायचा आणि काडतुसं ट्रंकेत ठेवायचा. तुम्ही त्याला चहा पाजलात, आणि दोन तास खपून कुलूप बसवलंत.

पुढं खंडेनवमी आली. विळा, कोयता, पाभर सगळं धुऊन पाटावर मांडलं, तशी बंदूकही मांडली. घरातली म्हातारी म्हणाली, हत्याराला बेडी घालून पूजा करत्यात व्हय? म्हणून त्यानं कुलूप काढून किल्लीसकट शेजारी ठेवलं, दोन्हींना हळदकुंकू वाहिलं, आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. सणाला माहेरी आलेली त्याची बहीण पाटाखालचं पुसायला बंदूक उचलून बाजूला ठेवत होती. काडतूस आत होतं. तिचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

तो दुकानात आला तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही कानस चालवताय, मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आलेय, आणि तो दारात उभा. त्यानं कुलूप तुमच्यापुढं ठेवलं. "मिस्त्री, पयल्यांदा रिकामी असायची. कुलूप आलं आन् भरून ठिवायची सवय लागली." एवढंच. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, चांगलं टक लावून, आणि पायऱ्या उतरून गेला. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. तयार असलेली सगळी कुलपं डब्यात घालून माळ्यावर टाकलीत आणि पुन्हा एकही केलं नाहीत. पेठेत लोक म्हणायला लागले, मिस्त्रीच्या कुलपानं पोरीचा पाय घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आणि चोर तुमच्याच घरात, तुमच्याच ताटाला ताट लावून जेवत होता.

कारण कुलूप बसवल्यावर चार दिवसांनी तो लायसनच्या कामाला बंदूक घेऊन कचेरीत आला होता. माझ्या टेबलाशी अदबीनं उभा राहिला. म्हणाला, "बाई, मिस्त्री म्हणत्यात कुलूप असलं तरी भरून ठिवू नगा. पर रातच्याला काडतूस हुडकत बसाया लागतंय. तुमी सरकारी मान्सं, तुमी सांगा." त्या दिवशी साहेब त्याच्या बंदुकीवरचं कुलूप बघून शेजारच्या बाबूला म्हणाले होते, की हिच्या वडिलांचं काम आहे हे. मी फुगले होते, अप्पा. म्हटलं, "अहो, खुशाल ठेवा भरून. माझ्या वडिलांचं कुलूप आहे ते."

तो बाईमाणसाला तोंडावर बोलला नाही, आणि मी त्याच्या त्या भलेपणाआड लपले. पहिल्या दिवशी नोकरीच्या भीतीनं. नंतर तुमच्या. तुमच्या शेवटच्या आजारात, मी खाटेशी बसून तुम्हाला पेज भरवत असताना तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, तेव्हा कसलीच भीती उरली नव्हती, तरी मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, "गरम आहे, फुंकून घ्या."

कुलपांचा डबा अजून माझ्याकडे आहे. हा कागद त्यातच ठेवेन, लेकीलाही दाखवायचं धाडस माझ्यात नाही.

तुम्ही सांगितलं होतं, अप्पा. त्याला ते नीट कळलंही होतं.